लोकरीच्या बगळ्याने मान टाकली (आणि भिंतीवरच्या समुद्राच्या कडांना लाटा आल्या)

गुंतवळ

मंडळी, आधी रडगाणं, मग प्रश्न.

दीडेक वर्ष लोकर टोचतेय. सुईचं फेल्टिंग, म्हणजे सुट्या लोकरीला खाचांची सुई टोचत टोचत घट्ट आकार देणं. आधी चेंडू, मग मशरूम, मग सगळेच करतात तो गुबगुबीत चिमणीसारखा पक्षी. हात बसला असं वाटलं आणि हावरेपणा केला: एका पायावर उभा बगळा, उंची ४० सेंमी, मान नागमोडी. पायांत तार घातली, मानेत नाही. म्हटलं, लोकर दाबून टोचली की झालं. पहिल्या दिवशी काय तोऱ्यात उभा होता! तीन आठवड्यांत त्याने मान टाकली. आता तो शेवटच्या बाकावर डुलक्या घेणाऱ्या पोरासारखा दिसतो.

दुसरं दुखणं ओल्या फेल्टिंगचं, म्हणजे लोकरीचे थर साबणपाण्यात चोळून, लाटून त्यांचं घट्ट कापड करायचं त्याचं. भिंतीवर लावायला समुद्र आणि आकाश करायला घेतलं. हवं होतं ६० × ९० सेंमी. लोकर आटते हे माहीत होतं, म्हणून ७५ × ११० ची मांडणी केली. साबण, गरम पाणी, बुडबुड्यांचं प्लास्टिक, वर चटई, आणि त्याची वळकटी करून दोन दिवस लाटणं. निघालं ४७ × ८१. कडा झालरीसारख्या वाकड्या. क्षितिजाची रेघ तर अशी पसरली की पाणी कुठे संपतं तेच कळत नाही. लाटा चित्रात हव्या होत्या, त्या कडांना आल्या.

दोन्ही टाकून द्यायचा जीव होत नाहीये. काय चुकलं?

सुईचं_टोक

बगळ्याचं आधी. तीन प्रश्न. लोकर कुठली? सुई किती नंबरची? आणि मान दोन बोटांत धरून दाबली तर काय होतं?

गुंतवळ

मेरिनोचे पेळू. रंग फार सुंदर मिळाले होते हो. सुई ४० नंबरची, पहिल्यापासून शेवटपर्यंत तीच. दाबली तर... स्पंजासारखी दबते आणि परत येते.

सुईचं_टोक

सापडलं मग. दोन्ही चोर एकाच वेळी हाती लागले.

सुईचा नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक. ४० ही शेवटचा हात फिरवायची सुई. सुरुवातीला आकार बांधायला ३६, मधल्या कामाला ३८, मग ४०, आणि चेहऱ्यावर, डोळ्याच्या कडेला हवी तर ४२. ४० ने मान बांधायची म्हणजे चमच्याने विहीर खणायची. वरचा थर गुळगुळीत होतो, पूर्ण झाल्यासारखा दिसतो, आणि आत कापूसच राहतो.

दाबून बघायची परीक्षा मी दर दहा मिनिटांनी घेते. पायासारखा अवयव खोडरबराइतका कडक लागला पाहिजे. धडाला थोडी नरमाई चालते. मानेला नाही.

पिंजारी_२

लोकरीबद्दल मी लिहितो, कारण यात बरेच जण फसतात.

पेळू म्हणजे विंचरलेली लोकर. त्यात लांब तंतू सगळे एका दिशेने झोपलेले असतात. ओल्या फेल्टिंगला उत्तम, कारण थर कसे टाकायचे ते आपल्या हातात राहतं. पण सुईला असे समांतर तंतू नको असतात. सुईच्या पात्यावर तीन (कधी चार) धारा असतात आणि त्या धारांवर बारीक खाचा. सुई आत जाताना खाचेत तंतू अडकतो आणि आत ओढला जातो, बस एवढंच तिचं काम. तंतू आधीच सगळ्या दिशांना पसरलेले असतील तर दर टोचणीला काहीतरी हाती लागतं. म्हणून मूर्तीच्या गाभ्याला पिंजलेली लोकर घ्यावी, गादीसारखी, रांगडी, रंग न दिलेली असली तरी चालते. मेरिनोचा तंतू १८ ते २४ मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) जाडीचा, मऊसूत. तिच्यावर प्रत्येक टोचणीचा खड्डा दिसतो. कॉरिडेल वगैरे २५ ते ३० मायक्रॉनच्या लोकरी जरा खरखरीत, पण पटकन घट्ट होतात. रंगीत मेरिनो वरून पातळ पापुद्र्यासारखी घ्यायची, साडीला काठ लावावा तशी. तुम्ही पूर्ण साडीच काठाची विणलीत.

अवांतर: हातात लांब पेळूच असेल तर तो पाच-सहा सेंमीचे तुकडे करून, दोन्ही हातांनी उलटसुलट ओढून विस्कटून घ्या. पूर्ण पिंजल्यासारखं नाही होत, पण सुईला पुष्कळ आधार मिळतो.

आडवा_धागा

मला एक विचारायचंय. मानेत तार घालायची हे मला फसवणूक वाटते. लोकरीचं शिल्प म्हणायचं आणि उभं राहतं ते तारेवर? इसवी सनाच्या आधीपासून माणसं नमद्याची, म्हणजे अशाच घट्ट केलेल्या लोकरीच्या कापडाची, शिल्पं करत आली. सायबेरियातल्या अल्ताई डोंगरांत पाझिरिकच्या पाचव्या थडग्यात, पुरातत्त्वज्ञ रुदेन्कोंनी १९४९ साली खणलं तेव्हा, नमद्याचे हंस मिळाले. बर्फात गोठलेले म्हणून टिकले. आज रशियाच्या एर्मिताज संग्रहालयात आहेत. तेव्हा कुठे होता पाइप क्लीनर, ती केसाळ लव लावलेली तार?

पिंजारी_२

हंसांचं उदाहरण चांगलं दिलंत, पण ते तुमच्या बाजूने साक्ष देणार नाहीत. ते घट्ट टोचलेली लोकर नाहीत. आधी नमदा करून घेतला, तुकडे कापले, शिवले, आत भर घातली. म्हणजे आकार शिलाईने आणि भरावाने धरला. तारेला फसवणूक म्हणायचं तर भरावही फसवणूकच.

शिवाय शिल्पात आतला सांगाडा ही काय लाज वाटायची गोष्ट आहे? मातीच्या मूर्तीतही काठी असते.

आडवा_धागा

काठीचं मान्य. पण तारेवर लोकर गुंडाळून वरवर टोचणारे पाहिलेत मी. चार महिन्यांत लोकर तारेवर गोल फिरते, मोजा घसरावा तशी.

सुईचं_टोक

ते घसरणं तारेमुळे नाही, गुळगुळीत तारेमुळे. नुसत्या तारेला लोकर धरत नाही. तारेवर आधी पाइप क्लीनर पीळ देऊन गुंडाळा किंवा कागदी फीत घट्ट लपेटा. त्या खरखरीत अंगाला पहिला थर पकडतो. मग लोकर पातळ पट्ट्यांनी, ताणून, तिरकी गुंडाळायची, बँडेज बांधतात तशी. एक पट्टी पूर्ण टोचल्याशिवाय दुसरी नाही. जाड गोळा एकदम लावला की आत पोकळी राहते आणि ती नंतर कधीच भरत नाही.

तार आली की सुया मोडतात, हे मात्र सांगून ठेवते. सुई तारेवर आपटली की टोक गेलं. ज्या कोनातून आत घातली त्याच कोनातून बाहेर काढायची. आत असताना सुईने लोकर उचकटायला गेलात की तार नसली तरी मोडेल. टीव्ही बघत टोचणाऱ्यांनी बोटांना चामड्याची टोपणं घालावीत. मी हे अनुभवाने बोलतेय, अंगठा अजून आठवण काढतो.

मोडलेलं टोक आत राहिलं तर ते शोधून काढल्याशिवाय ती वस्तू लहान मुलांच्या हातात द्यायची नाही. चुंबक फिरवला की बहुतेक सापडतं.

फक्त_वाचक

मी काही करत नाही, नुसता वाचतो. पण एक शंका. लोकर एकमेकीला चिकटते तरी कशी? गोंद नाही, विणकाम नाही.

पिंजारी_२

छान प्रश्न. आणि गुंतवळताईंच्या समुद्राचं उत्तर यातच आहे.

लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात. कौलांसारखे एकावर एक, सगळ्यांचं तोंड टोकाकडे. म्हणून तंतू मुळाच्या दिशेने सहज सरकतो, उलट दिशेने अडतो. एक केस चिमटीत धरून दोन्ही दिशांना बोट ओढून पाहा, फरक लागतो. आता गरम पाणी आणि साबण: तंतू फुगतो, मऊ होतो, घसरडा होतो. मग आपण चोळतो, लाटतो. प्रत्येक हालचालीत तंतू थोडा पुढे सरकतो, परत येऊ शकत नाही. असे हजारो तंतू एकमेकांत घुसत राहिले की कापड आटतं आणि घट्ट होतं. म्हणजे आटणं हा दोष नाही, तेच फेल्टिंग आहे. जे आटलं नाही ते नुसतं ओलं झालेलं असतं.

आणि म्हणूनच मशीनमध्ये धुता येते अशी जी प्रक्रिया केलेली लोकर मिळते, ती ओल्या कामाला निकामी. तिचे खवले रसायनाने खाऊन टाकलेले किंवा वरून लेप देऊन झाकलेले असतात. सुईने मात्र तीही गुंतते, कारण सुई खवल्यांची वाट बघत नाही, सरळ ओढून नेते.

आता समुद्र. ७५ चे ४७ झाले म्हणजे साधारण ३७ टक्के आटलं. ११० चे ८१ म्हणजे २६ टक्के. दोन बाजू वेगवेगळ्या आटल्या. एकच गोष्ट झाली असणार: तुम्ही वळकटी सतत एकाच बाजूने केलीत.

गुंतवळ

हो!! लांब बाजू टेबलाच्या कडेला समांतर ठेवली आणि आपल्या अंगाकडून पुढे लाटत राहिले. दुसऱ्या बाजूने वळकटी फार जाडजूड होते, म्हणून टाळलं.

पिंजारी_२

ज्या दिशेने लाटाल त्या दिशेला जास्त आटतं. म्हणून शंभर वळणं झाली की उघडायचं, ताणून सरळ करायचं, एक चतुर्थांश फिरवायचं, पुन्हा शंभर. मग उलटं करून तेच. कंटाळा येतो, पण मोजून करा. मोजमापाची पट्टी शेजारी ठेवा. एक बाजू पुढे गेली की दुसऱ्या बाजूला जास्त वळणं द्या. लाटणं हेच मोजमाप दुरुस्त करायचं हत्यार आहे.

आणि नमुना. नमुन्याशिवाय मोठं काम सुरू करू नये. ३० × ३० सेंमीचा तुकडा, तीच लोकर, तितकेच थर. समजा तो २० × २० वर थांबला. म्हणजे गुणक दीड. ६० × ९० हवं असेल तर मांडणी ९० × १३५. नमुन्याला २० ग्रॅम लागली असेल तर मोठ्याला साडेतेरा पट, २७० ग्रॅम. तुम्ही जेमतेम सव्वा पट मांडलंत, म्हणून जे व्हायचं तेच झालं.

लाटणेवाली

कडांच्या झालरीबद्दल माझे दोन पैसे.

पातळ भाग जास्त आटतो, जाड भाग कमी. मधल्या भागात डिझाइनची लोकर पडते, मेघ, लाटा, फेस, आणि कडेला हात आखडतो. मग मध्य जाड, कड पातळ. कुठे आटलं, कुठे नाही, त्यात चित्र वाकडं होतं. मी दर थर टाकल्यावर डोळे मिटून तळहात फिरवते. डोळ्याला जी विरळ जागा दिसत नाही ती हाताला खड्ड्यासारखी लागते. थर चार टाका, पण पातळ. पहिला आडवा, दुसरा उभा, पुन्हा आडवा, पुन्हा उभा. जाड दोन थरांपेक्षा पातळ चार केव्हाही सरस.

कड सरळ हवी असेल तर मांडणीतच कडेचे तंतू आत दुमडून घ्या. नाहीतर शेवटी कात्रीने कापा. काहींना कापलेली कड आवडत नाही. मला आवडते, चित्राला शिस्त येते. कापल्यावर ती कड साबणाच्या बोटांनी थोडी चोळा म्हणजे कोरी दिसत नाही.

क्षितिजाला मात्र वेगळी युक्ती. सुट्या लोकरीची रेघ पसरणारच, ती तिची जातच आहे. धारदार रेघ हवी तर आधी कच्चा नमदा करा. दोन-तीन पातळ थर, हलकं चोळून जेमतेम धरू लागला की थांबा. मग तो कात्रीने कापा. हवा तो आकार, सरळ रेघ, शिडाचा त्रिकोण. तो मांडणीवर ठेवा आणि सगळं एकत्र लाटा. तो कच्चा असल्यामुळे खालच्या लोकरीत गुंततो, पण आकार सोडत नाही. फार वेळ लाटून पक्का केलेला तुकडा ठेवलात तर तो गुंतत नाही, सुटून येतो.

आडवा_धागा

हे कापून लावणं तर फारच जुनं. त्याच पाझिरिकच्या थडग्यात साधारण ४.५ × ६.५ मीटरचा नमद्याचा पडदा मिळाला. आसनावर बसलेली देवी, तिच्यासमोर घोडेस्वार, परत परत तेच दृश्य. सगळं रंगीत नमद्याचे तुकडे कापून बसवलेलं. म्हणून त्या आकृत्यांच्या कडा अजून इतक्या स्वच्छ दिसतात. हंस आणि पडदा एकाच थडग्यातले, म्हणजे मूर्ती आणि भिंत दोन्ही. आपण आज इथे ज्यावर डोकं खाजवतोय त्याच दोन गोष्टी.

(तारेबद्दल माझं मत थोडं सैल झालंय. थोडंच.)

फक्त_वाचक

आणि कसर? इतकी मेहनत करून कसरीने खाल्लं तर?

सुईचं_टोक

खाते. योझेफ बॉइस या जर्मन कलाकाराचा नमद्याचा सूट आहे, १९७० सालचा, १०० प्रतींत काढलेला. लंडनच्या टेट संग्रहालयाकडच्या प्रतीला कसर लागली आणि ती संग्रहातून काढावी लागली. जिथे माणसं नेमून काळजी घेतात तिथे ही गत, तर आपलं काय.

उडणारा छोटा सोनेरी पतंग काही खात नाही. खाते त्याची अळी, आणि तिला अंधार, शांतता, धूळ आवडते. म्हणून भिंतीवर उजेडात लटकलेल्या चित्रापेक्षा कपाटात नीट गुंडाळून ठेवलेलं चित्र आधी जातं. महिन्यातून एकदा काढून झटका, मागची बाजू बघा. संशय आला तर प्लास्टिकच्या पिशवीत हवा काढून बंद करून उणे १८ अंशाला दोन आठवडे गोठवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका, घरातल्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर लोकरीवरच दव धरतं. नवीन आणलेली कच्ची लोकरही आधी अशीच ठेवावी. डांबरगोळ्या कपाटात टाकून निर्धास्त झोपणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं, आणि त्या वासात मला तर काम करवत नाही.

लाटणेवाली

उजेडात लटकवा म्हटलंत, पण उन्हात नको. रंग उडतो. संग्रहालयांत कापडावर ५० लक्स इतकाच उजेड ठेवतात. घरात तेवढं जमत नाही, पण खिडकीसमोरची भिंत तरी टाळा.

काच लावू नका असं माझं ठाम मत. लोकरीचं चित्र काचेत घातलं की त्याचा उजेड पिऊन घेणारा पोत मरतो. धूळ बसेल, बसू द्या, मऊ ब्रश फिरवा. आणि वरच्या दोन कोपऱ्यांत खिळे ठोकून टांगू नका, मधे पोट सुटतं. मागे वरच्या कडेला पूर्ण रुंदीची कापडी नळी शिवा, त्यात पट्टी सरकवा, वजन सगळीकडे वाटलं जातं.

आडवा_धागा

काचेबद्दल असहमत. धूळ फार असेल तिथे काच लागतेच. फक्त काच आणि लोकर यांत बोटभर अंतर ठेवा.

पिंजारी_२

जाता जाता, गुंतवळताई, तो ४७ × ८१ टाकू नका. गरम पाण्यात भिजवून, काठ पकडून दोघांनी ताणा. फार नाही येणार, पण झालर बरीच बसते. मग तो कापून नव्या चित्राला कच्चा माल होतो. नेदरलँड्सच्या क्लॉडी योंगस्त्रा भिंतभर नमदे करतात, स्वतःच्या मेंढ्यांच्या लोकरीचे, वनस्पतींच्या रंगांचे. त्यांच्या कामांचे फोटो बघा. गुळगुळीतपणा शोधत बसलेला माणूस तिथे सुधारतो. लांब कुरळी बट तशीच ठेवलेली असते, मागून पुढे आलेला पांढरा तंतू तसाच. आपण रेघ पसरली म्हणून रडतो.

गुंतवळ

सात आठवड्यांनी आले. आधी बगळा.

मान कापायला धीर होत नव्हता. शेवटी मागच्या बाजूने कात्रीने उभी चिरली. आत खरोखरच कापूस होता, दाबल्यावर पिसांसारखा बाहेर आला. तो सगळा उपसला. पाइप क्लीनर गुंडाळलेली तार धडात खोल नेऊन छातीतून वळवली, म्हणजे फिरणार नाही. मग पिंजलेल्या पांढऱ्या लोकरीच्या पट्ट्या, बोटभर रुंद, तिरक्या. ३६ ने. प्रत्येक पट्टीनंतर दाबून बघितलं. चौथ्या पट्टीला पहिल्यांदा बोटाला लागलं की अरे, हे खोडरबर आहे! शेवटी मेरिनोचा पापुद्रा, ४० ने, सुई आडवी धरून, म्हणजे खड्डे दिसत नाहीत. उरलेली लव बारीक कात्रीने कातरली.

सुया किती मोडल्या विचारू नका. पाच.

समुद्राचा तुकडा ताणून ४९ × ८३ झाला. झालर बसली. नवीन मांडणी अजून केलेली नाही, नमुनाच केलाय: ३० चे २१. आकाशाचा कच्चा नमदा तयार आहे, रेघ कापायला हात धजत नाहीये.

फक्त_वाचक

मी परवा सुई आणि लोकर आणली. चेंडू करतोय. बटाटा झालाय.

सुईचं_टोक

फिरवत राहा. एकाच बाजूने टोचताय.

गुंतवळ, पाच मोडल्या म्हणालीस, टोकं पाचही मिळाली ना?

गुंतवळ

चार. पाचवं मानेत आहे. चुंबक चोचीच्या खाली नेला की हलकेच ओढ लागते. काढायला गेले तर पुन्हा चिरावं लागेल. बगळा वरच्या फळीवर ठेवलाय, मुलांच्या हाताला लागणार नाही तिथे. मान सरळ आहे.